उजव्या हातावरचा डाग

सदाशिव आर्णीकर भित्रे होते, आणि त्यासाठी कुणाची साक्ष काढायची गरज नव्हती. ते स्वतःच सांगत. यवतमाळच्या एका शाळेत त्यांनी चौतीस वर्षं चित्रकला शिकवली, पण मुख्याध्यापकांच्या खोलीवरून जाताना चप्पल कधी वाजू दिली नाही. रस्ता ओलांडायचा तर आधी ऑटोंना जाऊ देत, मग मोटारसायकलींना, आणि एखादी गाय आलीच तर तिलाही. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात," त्यांची बायको मंजुषाताई म्हणे, "आमच्याकडच्या ब्रह्मराक्षसाला रविवारची सुट्टीसुद्धा मिळत नाही."

अशा माणसाने निवृत्त झाल्यावर तेजाबाशी खेळावं हा देवाचा विनोदच म्हणायचा. जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा काळा थर द्यायचा, त्यावर सुईनं चित्र कोरायचं आणि पत्रा तेजाबात बुडवायचा. सुई जिथं फिरली तिथला धातू तेजाब खातं. त्या खाचांत शाई भरायची, वर ओला कागद ठेवायचा आणि रुळाखालून काढायचा. ह्याला एचिंग म्हणतात. आर्णीकर सर हे सगळं मागच्या अंगणात नाकाला रुमाल बांधून करत, आणि मधूनमधून हाक मारून मंजुषाताई जवळपास आहेत ना याची खात्री करून घेत.

चित्रं मात्र ते घरी काढत नसत. नगरपरिषदेच्या बागेत सकाळी दहाच्या सुमारास जायचं, गुडघ्यावर पत्रा ठेवायचा आणि समोर जे दिसेल ते कोरायचं. तोंडावर पेपर घेऊन गवतावर झोपलेला माणूस. फिरायला म्हणून येऊन एका जागी बसून शेंगा सोलणाऱ्या बायका. सुट्टीच्या दिवशी पोरीला झोका देणारा पोलीस, आणि तिनं 'अजून जोरात' म्हटलं की त्याचा पडणारा चेहरा. पत्ते खेळणारे चार म्हातारे, त्यांतला एक तर सरांसमोरच पान लपवायचा. लोकांना वाटे, गुरुजी हिशेबाची वही घेऊन बसलेत. कुणी वाकून बघत नसे, आणि सरांना तेच हवं होतं.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. कागद पत्र्यावर पालथा पडतो, त्यामुळे छापलेलं चित्र उलटं येतं. उजवं ते डावं होतं. बाकीचे चित्रकार आधी उलटं कोरतात, म्हणजे छाप सुलटा येतो. सर बागेत बसून जे दिसे ते तसंच कोरत, त्यामुळे त्यांच्या चित्रांतलं अख्खं यवतमाळ डाव्या हाताने शेंगा खात होतं. सरांना याचा मोठा अभिमान होता. जानेवारीत बागेतल्याच वाचनालयाच्या हॉलमध्ये बावीस चित्रांचं प्रदर्शन लागलं तेव्हा त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात एक फलक लिहिला. एचिंग कसं होतं ते पाच ओळींत सांगितलं आणि सहावी ओळ लाल शाईने अधोरेखित केली: 'पत्र्यावर जे उजवे, ते कागदावर डावे होते. खात्री करायची असल्यास शेजारचा पत्रा पाहावा.'

शेजारी टेबलावर खरोखरच एक पत्रा ठेवला होता, अकरा नंबरच्या चित्राचा. तो सगळ्यात चांगला उतरला होता ना!

"कशाला एवढं रामायण?" मंजुषाताई म्हणाल्या होत्या. "लोकांना चित्रं बघू द्या." पण हौसेला मोल नसतं, आणि विकतच्या दुखण्याला औषध नसतं.

अकरा नंबरच्या चित्रात रस्त्याकडच्या बाकावर एक मुलगी आणि एक मुलगा एकाच कागदातली भेळ खात होते. दर बुधवारी अकराला येत. मुलगी मान मागे टाकून हसत होती, आणि तिच्या उघड्या हातावर, कोपराच्या खाली, पिंपळाच्या पानाएवढा भाजल्याचा डाग होता. सरांनी तो जीव ओतून कोरला होता. त्या डागावरून तिला कुणी ओळखेल असं त्यांच्या मनातही आलं नाही. मुलीला विचारावं, हेही नाही. बागेतल्या माणसांना कुणी विचारतं का?

शनिवारी गावच्या पेपरात प्रदर्शनाची बातमी आली. सोबत एक चित्र छापलं होतं, अकरा नंबरचं. सरांनी पाच प्रती आणल्या.

रविवारी दुपारी बाराला हॉलमध्ये चिटपाखरू नव्हतं. सर डबा उघडायच्या बेतात होते, तेवढ्यात तिघं आत आले. पुढे चाळिशीचा एक धिप्पाड माणूस, हातात घडी केलेला पेपर. त्याच्यामागे पन्नाशीचे एक गृहस्थ, खांद्यावर दुपट्टा, पायात शेताच्या मातीच्या चपला. शेवटी एक बाई, डोक्यावर पदर, हातात रिकामी पिशवी.

"तुमीच का ते चित्रवाले?" धिप्पाड माणसाने विचारलं.

"हो. या ना. पाणी?"

"पानी नोको. मी गोपाल. हे माये मोठे भाऊ रामराव अन हे वहिनी, विमलताई. बाभुळगावकडून आलो आमी." त्याने पेपर उघडून अकरा नंबरवर बोट ठेवलं. "हे चित्र पाह्याचं होतं."

सर आनंदले. खरंच आनंदले. इतक्या लांबून, एसटीनं, एक चित्र बघायला! त्यांनी हात करून भिंत दाखवली. गोपाल पहिल्या चित्रापासून एकेक निरखत निघाला. रामराव मान खाली घालून सरळ टेबलाशी गेले. थोडा वेळ नुसतेच उभे राहिले, मग चष्मा काढून त्यांनी दुपट्ट्यानं घाम पुसला, दुपट्टा टेबलावर टाकला आणि खुर्चीत बसले. जानेवारीत घाम कसला, असं सरांच्या मनात आलं आणि गेलं.

"सापडलं," गोपाल म्हणाला. "वहिनी, इकडे या. नीट पाहा. पेपरात धुरकट दिसत होतं, इथं साफ आहे. आपली अर्पिता होय का नाही?"

अर्पिता. भेळ आणणारा मुलगा तिला ह्याच नावाने हाक मारायचा.

विमलताई चित्रासमोर उभ्या राहिल्या.

"चहाच्या टपरीवर चार जनं पेपर पाहून राह्यले होते," गोपाल सरांना सांगू लागला. आवाज चढलेला नव्हता, आणि त्याचीच सरांना जास्त भीती वाटली. "एक जन म्हने, हे तं रामरावची पोरगी दिसते. कॉलेजले जातो म्हनून रोज एसटीनं येते ते. मी म्हनलं, खात्री केल्याबिगर बोलू नोका. आमच्या काकाची पोरगी असीच एका पोरासंगं स्टँडवर दिसली होती. पंधरा दिवसात लगन लावून उमरखेडले धाडली. तिचे पुस्तकं अजून माळ्यावर आहेत. अन तो पोरगा अजून लंगडत चालते."

आपण काय करून बसलो ते त्यांना तेवढ्यात कळलं. ती मुलगी कुणाच्या अध्यात ना मध्यात, बाकावर बसून भेळ खात होती. आपण तिला उचलून भिंतीवर टांगलं, खाली नंबर दिला आणि पेपरात छापून तिच्या चुलत्याच्या हातात दिलं. तिचं कॉलेज, त्या मुलाचे पाय, सगळं आता ह्या हॉलमधल्या चार माणसांच्या तोंडावर होतं, आणि त्यांतला एक आपण.

"ही पोरगी कोन आहे, सर?"

"नाव माहीत नाही," सर म्हणाले. "बागेत शंभर माणसं येतात. मी नावं विचारत नाही."

"डाग तं आहे हातावर." गोपालने चित्राच्या अगदी जवळ जाऊन काचेवर बोट टेकवलं. "वहिनी, अर्पिताचा कोनता हात भाजला होता?"

"उजवा," विमलताई म्हणाल्या.

"पक्कं?"

"भज्याचं तेल उडालं होतं. मीच होती चुलीपाशी. मले कसं नाही आठवन?"

गोपाल वळला. चित्राकडे पाठ करून, त्या मुलीसारखा बसल्याचा आव आणून त्याने एक हात वर केला, खाली घेतला, दुसरा वर केला, मान वळवून चित्राशी ताडून पाहिलं. एरवी सर हसले असते.

"हिचा तं डावा आहे," तो म्हणाला.

सरांच्या पाठीमागे फलक होता. सहा ओळींचा, वळणदार अक्षरातला, सातवीच्या पोरालाही वाचता येईल असा. आणि टेबलावर तो पत्रा, ज्याच्यात अर्पिता सुलटी बसली होती, उजवा हात पुढे करून. सर एक पाऊल सरकले आणि फलकाला पाठ लावून उभे राहिले. तो झाकला गेला असेल तर अर्धा. आयुष्यात इतकी वर्षं अंग चोरण्यात घालवली, आणि आज अंग पुरत नव्हतं. मग त्यांनी चोरून टेबलाकडे पाहिलं. पत्रा दिसत नव्हता. रामरावांनी टाकलेला दुपट्टा नेमका त्याच्यावर पडला होता. सरांनी मनातल्या मनात देवाला हात जोडले.

"असं कसं?" गोपाल म्हणाला. "तोंड तेच, केस तेच, डाग तसाच. हात तेवढा दुसरा." त्याची नजर सरांच्या खांद्यावरून मागे गेली. "ते काय लिहून आहे?"

"कुठे? हे होय... हे आपलं, एचिंग कसं करतात, त्याची माहिती."

"वाचा बरं. माया चष्मा घरी राह्यला."

नाही म्हणायची सोय नव्हती. सर वळले. पहिली ओळ वाचली, मेणाची. दुसरी, सुईची. तिसरी, तेजाबाची. चौथी, शाईची. त्यांना जाणवलं की विमलताई गोपालच्या मागे येऊन उभ्या राहिल्या आहेत, आणि त्या नुसत्या ऐकत नाहीत. त्यांचे ओठ हलत होते. सर वाचत त्याच्यापुढे त्या गेल्या होत्या. पाचव्या ओळीत कागद आणि रूळ आला. सर थांबले. विमलताईंचे डोळे सहाव्या ओळीवर होते आणि तिथून हलत नव्हते.

"बस," सर म्हणाले. "एवढंच."

"मंग ते खालचं? लाल रेघ दिसते मले. चष्मा नाही, आंधळा नाही मी."

खोटं बोलायचं तर काय बोलायचं, एकही शब्द सुचेना. चौतीस वर्षं पोरांना 'खरं बोला' म्हणून सांगितलं त्याची ही शिक्षा असावी. गोपाल पुढे झाला, डोळे बारीक केले, फलकाकडे वाकला.

"चित्राले हात लावू नये, असं लिहून आहे भाऊजी," विमलताई म्हणाल्या. "तुमी मंगापासून बोट लावून राह्यले काचेले."

गोपालने हात पाठीमागे घेतले. थोडा ओशाळला. ओशाळलेला माणूस फार वेळ उभा राहत नाही.

"चला," तो म्हणाला. "आपली नाही. टपरीवर सांगतो त्याईले, जिभा हासडीन म्हनावं. दादा, उठा. मले ट्रॅक्टरचा पार्ट घ्याचा आहे."

रामराव उठले. सबंध वेळात ते एक अक्षर बोलले नव्हते. तिघं दारातून बाहेर पडले तेव्हा सर तिथेच फरशीवर बसले. डबा तसाच होता. पाचएक मिनिटांनी उठून फलक काढायला म्हणून हात वर केला, तर मागून चपलांचा आवाज आला.

दारात रामराव उभे होते. एकटे.

सरांचा हात हवेतच राहिला. ह्या माणसाकडे चष्मा होता, आता आठवलं. आत येताना डोळ्यांवर होता.

"दुपट्टा राह्यला होता," रामराव म्हणाले. ते टेबलाशी आले, पण दुपट्टा लगेच उचलला नाही. "गोपाल दुकानात आहे. घरवाली बाहेर उभी आहे." त्यांनी दुपट्ट्याचं टोक धरून हळूच बाजूला केलं आणि पत्र्याकडे पाहत राहिले. खूप वेळ पाहिलं. "इथं उजवाच आहे."

सरांना कळायला दोन क्षण लागले. "तुम्ही... आल्या आल्या वाचलं होतं?"

"सर, बारावीपर्यंत शिकलो मी. लाल रेघ पयले दिसते." रामरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. "तिनं बी वाचलं. आमी दोघं एकमेकासंगं काही बोललो नाही. बोलनार बी नाही. घरात चार भाऊ आहेत, त्याईचे पोरं आहेत. मी बाप आहो, पन एकट्याचं चालत नाही तिथं. मले भेव वाट्टे, सर. खोटं कायले बोलू."

सरांना वाटलं, ह्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवावा. ठेवला नाही. सगळ्या गावात आपणच तेवढे भित्रे, असं आजवर धरून चालले होते. आज ह्या हॉलमध्ये तिघं थरथरत होते आणि तिघांनी मिळून एकाला फसवलं होतं.

"मी हे चित्र आत्ता काढतो भिंतीवरून," ते घाईने म्हणाले.

"नोको. काढलं तं गोपाल म्हनन, काहून काढलं. राहू द्या. ते पाटी काढा. अन हे..." त्यांनी पत्र्यावर बोट ठेवलं. "पुसता येते?"

"येतं. पुन्हा छापता येणार नाही असं करता येतं."

"मंग करा."

सरांनी खिशातली सुई काढली. कुठलाही चित्रकार शेवटी पत्र्यावर आडवी रेघ मारतो, चित्र बाद झालं म्हणून. त्यात विशेष काही नसतं. पण हात थांबला. रामराव अजून पाहत होते.

"घरी असी हासत नाही," ते म्हणाले. मग, पत्र्यावरची नजर न काढता, "पोरगा कसा आहे?"

"मला ठाऊक नाही," सर म्हणाले. "मी फक्त बघतो. दर बुधवारी येतात. भेळेतले दाणे तो तिच्यासाठी बाजूला काढतो. स्वतः चुरमुरे खातो."

रामरावांनी मान हलवली. दुपट्टा खांद्यावर टाकला. सरांनी रेघ मारली, मुलीच्या हातावरून, मग चेहऱ्यावरून, मग आणखी दोन. जस्ताचा कर्रर्र आवाज झाला. रामराव तेवढा वेळ दुसरीकडे बघत होते. दारापर्यंत जाऊन ते थांबले.

"ते बाक रस्त्याकडे आहे, सर. रस्त्यानं आमच्या गावचे लोक जातात. बुधवारी ते आली तं तिले म्हना, तिकडे बसू नोको. मांगं पान्याची टाकी आहे, तिच्यामांगं एक बाक आहे. मी पाहून आलो आत्ता." दुपट्टा सारखा करत ते म्हणाले, "मी सांगतलं म्हनून नोका सांगू. बापानं असं सांगत नसतात."

"नाही सांगणार," सर म्हणाले. आणि आर्णीकर सरांनी दिलेला शब्द जन्मात मोडला नव्हता; मोडायलाही धैर्य लागतं.

सोमवार आणि मंगळवार त्यांनी कसे काढले ते मंजुषाताईंना विचारा. दारावर कुणी टकटक केली की सर मागच्या अंगणात. ब्रह्मराक्षसाला जादा पगार द्यावा लागला असता.

बुधवारी ते साडेनऊलाच बागेत जाऊन बसले. पत्रा आणला नव्हता. सव्वाअकराला अर्पिता आली, रस्त्याकडच्या बाकावर बसली, बॅग शेजारी ठेवली. मुलगा अजून यायचा होता. सर उठले. तिच्यापुढे जाऊन उभे राहिले तर ती दचकली.

"बाळ, घाबरू नको," सर म्हणाले, आणि हे वाक्य ऐकून जगात कुणी घाबरायचं राहिलं नाही. "ह्या बाकावर बसत जाऊ नको. इथून रस्त्यावरून दिसतं. टाकीच्या मागे आहे एक."

तिने आधी ओढणी ओढून उजवा हात झाकला, डागासकट. मग बॅग उचलली.

"घरी कळलं का?" तिने विचारलं. "काका आलते का इथं?"

सर टाकीकडे बघू लागले.

"कोणी सांगितलं तुम्हांला? सर, खरं सांगा. कोणी पाह्यलं?" ती उभी राहिली होती आणि फाटकाकडे बघत होती. "मी नाही येत आता. त्याले म्हणा, मी येत नाही. कधीच नाही."

सरांनी ती सबंध मुलगी कोरली होती, मान मागे टाकून हसणारी. आता समोर जी उभी होती तिला हसू नव्हतं, मान खाली होती आणि हात झाकलेला होता. हे आपण केलं. पत्र्यावर रेघा मारल्या तेव्हा इतकं लागलं नव्हतं. ती चालायला लागली. फाटकापर्यंत वीसेक पावलं असतील. त्यांना रामरावांचा आवाज आठवला, बापानं असं सांगत नसतात, आणि आपला शब्दही आठवला.

"अर्पिता," त्यांनी हाक मारली. पत्ते खेळणाऱ्या म्हाताऱ्यांनी माना वळवल्या. सरांनी त्यांना वळवू दिल्या. "तुझ्या बाबांनी सांगितलंय."

ती थांबली. वळायला तिला वेळ लागला.

"बाबांनी?"

"बाक बदल म्हणाले," सर म्हणाले. "येऊ नको म्हणाले नाहीत."